लॅपटॉप माझा, गेम तुझा

पहिली शिफ्ट सुटल्यावर अनिता काळेवाडीच्या बसमध्ये टेकली. जरा डोळा लागतोय तोवर मागच्या सीटवर कॉलेजच्या दोन मुलींची जुंपली.

"उद्या माझी नोकरीची ऑनलाइन परीक्षा आणि आज माझं वायफायचं लॉगिन बंद! पंधरा दिवस! कुणामुळे?"

"हळू बोल ना, आम्रपाली."

"का हळू? हॉस्टेलचं वायफाय तुझ्या त्या गेमच्या कन्सोलला चालत नाही, म्हणून रोज माझ्या लॅपटॉपवरून नेट घेत होतीस."

"पहिल्यांदा तूच जोडून दिलंस."

"तासभर खेळ म्हणून! तू काल अख्खा नवा गेम उतरवून नेटची मर्यादाच ओलांडलीस. हॉस्टेलच्या सरांकडे नाव कुणाचं गेलं? माझं!"

"मी सांगते सरांना, चूक माझी आहे म्हणून. पुढच्या स्टॉपला उतरून परत जाऊ."

"काही नको. मोठी आली सांगणारी!"

"मग परीक्षेला माझं लॉगिन घे."

"म्हणजे दुसरीचं वापरलं म्हणून ते पण बंद पडू दे, नाही का? डोकं फिरवू नकोस हां, वर्षा."

"अगं, मग करू तरी काय मी?"

अनिताची झोप केव्हाच उडाली होती.

"वर्षभर माझ्या नेटवर खेळलीस. मी शेजारी बसून नुसती बघत होते. एकदा तरी म्हणालीस, घे, तू पण खेळ?"

मागे बॅगेची चेन उघडल्याचा आवाज झाला.

"ठेव तो कन्सोल आत. आता हातसुद्धा लावणार नाही मी त्याला."