स्वेटर आणि पारोळ्याचं तिकीट

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न झालं ते १९६६ साल. जळगावहून पारोळ्यावरून धुळ्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर लोटन आबा बसले होते. मॅट्रिक झालेल्या नातीला पारोळ्याच्या स्थळाला दाखवायला नेत होते.

“स्वेटर घाल, कमल. पाव्हनास्पुढे नाक गळाले नको.”

“आबा, स्वेटर म्हणजे इंग्रजीत घाम आणणारा.”

“थंडीना कपडा, आनि घाम?”

“विलायतेत वजन उतरवायला जाड लोकर घालून पळायचे. त्यावरून नाव.”

“वजन उतरवाले? रावेरले धाडा त्यास्ले, केळीना घड उचलाले! तुले कोनी सांगं?”

“पुस्तकात वाचलं. कॉलेजात असं अजून शिकवतात. पारोळा नको ना, आबा.”

“बठ्ठा कपडास्नं शिकाडतस?”

“सगळ्याचंच.”

“आबा, दोन पारोळा ना?” कंडक्टरने विचारलं.

“नही भाऊ, दोन धुळे दे. देवपूरनं कॉलेज देखू.”

लोटन आबा १९७१च्या पौषात वारले. कमलनेच सांगितलं, तेव्हा ती धुळ्यातल्या देवपूरला प्रौढ साक्षरता वर्गात आम्हाला शिकवत होती.