बैठे व्यायाम

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता. माझ्या समोरच्या बाकावर दोन विहिणी बसल्या होत्या. एकीपुढे नवाकोरा वॉकर होता.

"विहीणबाई, रागावू नका, पण व्यायामाच्या वर्गाला मी किती बोलावलं तुम्हाला! दरवेळी काहीतरी निमित्त. कधी पाहुणे, कधी डोकं दुखतंय."

"खरं सांगू? एकदा आले होते मी. दारावरची पाटी वाचली नि परत फिरले. ‘ज्येष्ठांसाठी बैठे व्यायाम’. मी एकदा खाली बसले की उठवायला दोन माणसं लागतात. मुलीच्या सासूसमोर ती शोभा कशाला करून घेऊ?"

"अहो, खाली कुठे? खुर्चीत बसून करायचे!"

"खुर्चीत?"

"चांगल्या हातांच्या खुर्च्या. माझ्या शेजारची तुमच्यासाठी धरून ठेवायचे मी. मग वाटलं, माझ्याबरोबर यायला तुम्हाला कमीपणा वाटत असेल. म्हणून विचारणंच सोडलं."

"कमीपणा कसला हो! लाज वाटायची. मग आता येऊ का, या वॉकरसकट?"

"वर्ग बंद झाला. दहा तरी माणसं हवीत म्हणाले."

"आणि होती किती?"

"नऊ."