दोन लाख पळालेली लाल गाडी

ऐका. जवळ सरका. हिरीवरच्या मोटरीची लाईट यायला अजून तासभर हाय, तवर डास मारत बसन्यापरीस गोष्ट ऐका. आन् सुभान्या, तो मोबाईल खिशात घाल. मघापास्नं बघतोय मी, त्याच गाडीचा फोटो बोटानं मोठा करकरून बघतोयस. दोन दारं, खाली बसकी, दीड लाख किलोमीटर पळालेली आन् भाव निम्मा. उद्या बघायला चाललायस म्हनं. वर मला म्हनतोस, "चाचा, तुमी चला, तुमी घे म्हनला की घेतो." येतो की. पन आधी ह्ये ऐक, मंग मला बोलव.

म्या गॅरेज टाकलं तवा तुमच्या बापांना मिसरूड फुटलं नव्हतं. दस्तगीर मिस्त्री म्हनलं की पंचक्रोशी वळखायची. कुनाला जुनी गाडी घ्यायची असली की मला संगं न्यायचे, सोयरिकीला वडीलधारं मानूस नेत्यात तसं. मी बॉनेट उघडायचो, तेलाचा वास घ्यायचो आन् एक शब्द बोलायचो. घे, न्हाईतर सोड. त्यावर कुनी दुसरं बोलायचं न्हाई. चाळीस वर्सांत दिलेला शब्द म्या मागं घेतला नव्हता. त्येचा लई माज व्हता मला. माजच म्हना, दुसरं काय म्हनायचं.

तर आपल्या खोलवाडीच्या इंगवल्यांचा धैर्यशील. बाप लवकर गेला. घरात आई आन् हा. कमावती वस्तू एकच, दुधाचा टेम्पो. पहाटं साडेचारला निघायचा, सात वाड्यांचं दूध गोळा करून डेअरीला घालायचा. त्या टेम्पोवर दोघांची चूल पेटायची. पोरगं कष्टाळू, पन लहानपनापास्नं येड एकच, पळनारी गाडी. आन् त्येच्या कानावर आलं, खामकड्याच्या घाटापल्याड तांबेखडीत कुलभूषण मगदुमाकडं लाल गाडी हाय. परदेशी. तिचं नाव मला आजबी धड घेता येत न्हाई. मगदूम म्हनाला, टेम्पो दे आन् गाडी ने. बरोबरी. वर काय नको.

आई रडली त्येची. म्या बी झापलं. म्हनलं, गाढवा, दोन सीटांची गाडी, दूध काय डोक्यावर घेऊन बसनार हाईस? तर म्हनतो, "नवरदेवाला मिरवायला भाड्यानं देनार चाचा. हंगामात टेम्पोपरास जास्त सुटतंय. माझं ठरलंय. तुमी फक्त बघा." ठरलंय म्हनला की ते पोरगं भिंतीला डोकं लावून उभं राहनारं. गेलो संगं. टेम्पोतनंच गेलो, सांजचं दूध घालून. पोचस्तवर दिवस बुडाला.

मगदुमानं शेड उघडलं. गाडी काय व्हती म्हनून सांगू. खोटं बोलनार न्हाई, माझाबी जीव वरखाली झाला. पन म्या आधी मीटर बघितलं. दोन लाख अकरा हजार. धैर्यशीलचं तोंड पडलं.

आता ह्ये नीट ऐका, ही आमच्या धंद्यातली गोष्ट हाय. मीटर खोटं बोलतं, पेडल बोलत न्हाई. मीटर मागं फिरवनारे रग्गड भेटत्यात. पन ब्रेकच्या पेडलाचं रबर, स्टेअरिंगची कातडी, ड्रायव्हरची सीट, ह्यांची झीज लपत न्हाई. म्या बॅटरीचा उजेड मारला. पेडल कोरं. रबरावरच्या रेघासुद्धा तशाच. स्टेअरिंग कोरं, सीट कोरी. मनात म्हनलं, आयला, मीटर मागं फिरवल्यालं लई बघितलं, ह्ये पुढं फिरलंय. बिघडलंय मीटर. गाडी वीस हजाराच्या वर पळालेलीच न्हाई, आन् ह्या खुळ्या मगदुमाला ते ठाऊक न्हाई.

मंग डावीकडची बाजू बघितली. तिकडची सीट मधोमध खचलेली. खालची मॅट टाचंच्या जागी आरपार गेलेली, पत्रा दिसत व्हता. झीज सगळी बसनाऱ्याच्या बाजूला. म्या डोळ्यांनी बघितलं आन् सोडून दिलं. कशापायी? मनात हिशेब लागला व्हता ना. हुशार मानसाला आपला हिशेब मोडायला आवडत न्हाई.

"घे," म्या म्हनलं.

मगदुमानं टेम्पोची किल्ली घेतली, गाडीची दिली. हात बर्फागत गार त्येचा. म्हनाला, "कागद उद्या करू. पन गाडी आत्ताच न्या. रात्रीची हितं नको." च्या न्हाई, पानी न्हाई. फाटकापतूर आला न्हाई. तितं तरी मला कळायला पायजे व्हतं. न्हाई कळलं.

निघालो. धैर्यशील चालवतोय, मी डावीकडं. मागं सीट न्हाई बरं का, मागं नुसती काच. दोन मानसं बसली की गाडी भरली. चैताचं दिवस, बाहेर उकाडा, आन् माझ्या बुडाखालची सीट गारठलेली. मॅटवर पाय टेकला तर ओली. म्हनलं, काच उघडी ऱ्हायली असंल, पानी गेलं असंल. चैतात कुठलं पानी? पन मानूस स्वताला समजावतो तसं समजावलं.

घाटाच्या तोंडाला धैर्यशील लघवीला उतरला. गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात घातली. मी आत बसलेला. समोर मीटर. किर्र झालेलं सगळं, आन् टक्. मीटरचा आकडा पडला. परत टक्. गाडी जागेवर उभी, इंजिन बंद, आन् किलोमीटर पडत्यात. म्या मनात म्हनलं, बघ, मीटर बिघडलंय, आपन बोललो तसंच. आन् खुशाल बसून ऱ्हायलो. असला मी शाना.

घाट सुरू झाला. पयल्या वळनावर दगड दिसला, खोलवाडी नऊ. धैर्यशील गानं म्हनत व्हता. पाच-सात वळनं झाली. दगड आला, खोलवाडी नऊ. मी म्हनलं, दोन दगड लावल्यात वाटतं सरकारनं. परत वळनं. परत दगड. खोलवाडी नऊ, आन् वरच्या कोपऱ्याचा तोच टवका उडालेला. चकवा लागला म्हनत्यात तो हाच. धैर्यशीलला म्हनलं, "लेका, गाडी बाजूला घे." तो म्हनला, "कशाला चाचा, आत्ता कुटं लागलीय पळायला."

आन् तवा माझ्या कानामागनं आवाज आला. मागं सीट न्हाई, म्या सांगितलंय तुमाला. तितनं आवाज आला, लई आदबीनं.

"मिस्त्री, जरा सरकून बसा."

हसू नका रं. एस्टीत रोज ऐकतोय आपन ह्ये. पन त्या येळंला माझं अंग लाकूड झालं. सरकू कुटं? एका बाजूला दार, एका बाजूला गिअर. मी हललो न्हाई. तर मांडीवर वजन आलं. हळूहळू, कुनी टेकावं तसं. वल्ली कापडं माझ्या पायाला चिकटली. दिसत काय न्हाई, आन् वजन मानसाएवढं.

धैर्यशीलकडं बघितलं. हात स्टेअरिंगवर, डोळं रस्त्यावर खिळलेलं, तोंडावर हसू. खाली बघितलं तर त्येचं दोन्ही पाय मागं घेतलेलं. पेडलाला कुनाचा पाय न्हाई आन् गाडी सुसाट. तवा मला कळलं पेडल कोरं का ते. दोन लाख खरं व्हतं. सगळं किलोमीटर खरं व्हतं. ती गाडी कुनी चालवतच नव्हतं, कुनीतरी नुसतं बसून फिरत व्हतं. ह्याच घाटात, ह्याच वळनांनी.

आवाज धैर्यशीलशी बोलाय लागला. "टेम्पो नको आता. दुधाचा वास येतोय त्येला. मला ने. मी उतरनार न्हाई, आन् तू बी उतरू नको." आन् पोरगं मान डोलावतंय.

म्या त्येच्या मुस्काटात मारली. खरंच मारली. म्हनलं, "नको म्हन गाडीला. सौदा मोड." तो माझ्याकडं न बघता म्हनला, "तुमीच घे म्हनला चाचा. तुमचा शब्द हाय. तुमचा शब्द कदी चुकलाय?"

बघा कसं असतं. मांडीवर मेलेला मानूस, समोर दरी, आन् मला माझ्या नावाची पडली. तोंडाशी आलेलं गिळलं म्या. एक वळन गेलं. दुसरं गेलं. दगड परत आला. धैर्यशीलच्या आईचं तोंड डोळ्यापुढं आलं, पहाटं टेम्पोची वाट बघत दारात उभी असनार ती. आन् मंग ह्या दस्तगीरचा माज मोडला एकदाचा.

"धैर्यशील, माझं चुकलं. म्या डावीकडची झीज बघितली व्हती आन् सोडून दिली. माझा शब्द खोटा व्हता. घेऊ नको ही गाडी."

पोरानं डोळं मिटलं आन् उघडलं, झोपेतनं जागं झाल्यावानी. ओठ हलले.

"काय म्हनलास?" आवाज म्हनला. "ऐकू आलं न्हाई."

गाडी आनखी सुटली. पुढचं वळन दिसत व्हतं, आन् गाडी वळायचं नाव घेईना. मी वराडलो, "मोठ्यानं म्हन." आन् ते पोरगं, ज्याला त्या गाडीबिगर दुसरं सपान नव्हतं, ते रडत रडत वराडलं, "न्हाई घेत. मला न्हाई पायजे. न्हाई घेत."

गाडी थांबली. पुढचं डावं चाक दरीवर लोंबत व्हतं. माझ्या दारातनं उतरलो असतो तर खाली शंभर पुरुस खोल दरी. मांडीवरचं वजन तेवढं उठलं, आन् मी धैर्यशीलच्या अंगावरनं लोळत त्येच्या दारानं भाईर पडलो. तो बी पडला. दोघं रस्त्यावर पालथं.

म्या म्हनलं, आता कसंबी करून घरला. तर पोरगं उभं ऱ्हायलं आन् म्हनलं, "न्हाई चाचा. टेम्पो आनल्याबिगर घरी जायचं न्हाई. सकाळचं दूध कोन घालनार?" आन् उलटा तांबेखडीकडं चालाय लागला. ह्येला म्हनत्यात ठरलंय.

चाललो. पाठीमागनं उजेड आला. लाल गाडी, हळू, आमच्या चालीनं. ड्रायव्हरच्या जागी कुनी न्हाई. डावी काच खाली. "बसता का? सोडतो की." आमी दोघं संगट म्हनलं, न्हाई. गाडी पुढं गेली. दोन वळनांनी परत मागनं आली. "पाय दुखत असतील." न्हाई. तिसऱ्यांदा आवाजच बारीक झाला. "मला एकट्याला भ्या वाटतंय." खोटं सांगत न्हाई, माझं काळीज हाललं तवा. पन म्हनलं, न्हाई रं बाबा, न्हाई. आन् चालत ऱ्हायलो.

मगदुमाच्या घरी पोचलो तर गाडी शेडात उभी. इंजिन तापलेलं, कुंई कुंई वाजतंय. मगदूम पायरीवर बसलेला, टेम्पोची किल्ली हातात घेऊन. आमाला बघून रडाय लागला. त्येनं सांगितलं मंग. पयल्या मालकाला धाकटा भाऊ व्हता. पावसातनं येताना मालकानं थट्टा म्हनून त्येला घाटात उतरवलं, म्हनला, ये चालत. अर्ध्या तासानं फिरवून आनली गाडी, तर भाऊ न्हाई. सकाळी खाली दरीत मेलेला सापडला. तवापास्नं तो गाडीत बसलाय ते उतरलाच न्हाई. मगदुमानं गाडी घेताना मोठ्या तोऱ्यात घेतली म्हनला व्हता, आन् सोडतो म्हनायला त्येची जीभ रेटत न्हाई. दुसऱ्याच्या गळ्यात घालाय बघत व्हता. म्या शिव्या घातल्या त्येला, पन दोनच. तिसरी तोंडात आली न्हाई.

किल्ली घेतली. घाटातनं न्हाई आलो, हायवेनं तीस किलोमीटरचा वळसा घालून आलो. साडेचारला धैर्यशील पयल्या वाडीवर उभा. बाया किटल्या घेऊन आल्या, त्येनं दूध मापून घेतलं, एक थेंब सांडला न्हाई. सातवी वाडी झाल्यावर टेम्पो सुरू करता करता म्हनला, "चाचा, काय पळत व्हती नव्हं गाडी."

"व्हय," म्या म्हनलं. "तशी गाडी म्या जल्मात बघितली न्हाई."

तो टेम्पो अजून हाय. धैर्यशीलनं पुढं आनखी दोन घेतलं. आन् ती लाल गाडी बी कुनाच्या तरी शेडात असनार, कारन अशा गाड्या मोडीत जात न्हाईत, विकायलाच निघत्यात.

म्हनून सांगतो सुभान्या, उद्या मी येतो. दीड लाख पळाली असंल तरी बघू, पळालेल्या गाडीत पाप न्हाई. पन मी घे म्हनलो तरी तू तुझ्या डोळ्यांनी बघ, आन् दोन्ही बाजू बघ. आन् समद्यांना सांगतो, दिवस बुडाल्यावर खामकड्याच्या घाटानं जाऊ नका. गेलाच, आन् शेजारी लाल गाडी हळू झाली, बसता का म्हनली, तर न्हाई म्हना. मोठ्यानं म्हना. मनातल्या मनात म्हनल्यालं तिला ऐकू येत न्हाई.