रॉकेलच्या डब्यातलं रीळ

हॅलो?… हां ऋतिका, बोल… बसमध्ये हाय गं, वडप्याला. अर्धा तास झाला, गाडी जागची हालत न्हाय… पडघ्याला गेलो होतो ना, लेथवाल्याकडं. एक पिन करून घेतली. भाऊंच्या रिळाची.

काय?… मोठ्यानं बोल, हॉर्न वाजतायत… लूम गेले? चारही? बरं झालं, शेड मोकळी झाली. भंगारवाल्या पंढरीशेठला द्यायचं ठरलंच होतं की. त्यात रडतेस कशाला?

कुठला डबा?

ऋतिका, कुठला डबा?… स्टीलचा. आणि आत रॉकेल होतं?

अगं, ते लूमचे पितळी बुश न्हायत. ते रीळ होतं. भाऊंचं, गळाचं रीळ. खोलून ठेवलं होतं, गंज सुटावा म्हणून रॉकेलात… हो, दिसतं तसंच. काळं पितळ, लोखंडी दांडा, चार स्क्रू. लूमच्या शेडमध्ये दुसरं काय वाटणार कुणाला… पण मी तुला बोललो होतो ना, फळीवरच्या डब्याला हात लावू नको म्हणून?… न्हाय बोललो? बरं, न्हाय बोललो. ते सोड. टेम्पो कधी गेला?

अकराला. आता बारा वाजून गेले.

हो, हो… अगं ऐक ना. रडू नंतर. रिक्षा पकड, पंढरीशेठच्या गाळ्यावर जा. दुपारी त्याचा माल वितळवायला भट्टीवर जातो. एकदा भट्टीत गेलं की संपलं… फोन कापू नको. भाऊंना शेजारच्या चंद्राकाकीकडं बसव… काय? रिक्षात बसले पण? सासऱ्यांना कशाला घेतलंस? लकव्यानं उजवी बाजू गेलेला माणूस, चढउतार करायला… ऐकत न्हायत. बरं. बसू दे. निघ.

हां, हाय मी लाइनवर… आज काय विशेष? काही न्हाय. एकजण येणार हाय चार वाजता, पुण्याचे देवेशसाहेब. जुनी रिळं जमवतात… बघायला येतायत गं. नुसतं बघायला… चिडलो न्हाय मी. कुठं पोचलीस?… अजून नाक्यावरच? त्याला सांग, गल्लीतून घाल.

पोचलीस?… हा आवाज कसला? ठक ठक?

हातोडी हाय ती. पळ. पितळातलं लोखंड ठोकून काढतात ते, भट्टीवाला तसा माल घेत न्हाय. पळ आणि फोन स्पीकरवर टाक.

भैया? भैया, दो मिनट हाथ रोको… हां, मालूम है, गाडी लगी है. वो लूम का माल नहीं है. मछली पकड़ने का रील है… मछली, मछली. हंसो मत भैया, बस हथौड़ा नीचे रखो… हां. मेहरबानी.

ऋतिका, आता ढिगात बघ. वाटीसारखं भांडं शोध, दोन काठांच्या मधे खाच असलेलं, गळाची दोरी, तंगूस, गुंडाळायला. चहाच्या बशीएवढं… चमकणार न्हाय ते. काळपट हिरवं. मी मुद्दाम घासलं न्हाय, जुन्या पितळेचा रंगच जपायचा असतो… दांडा? तुटला? तुटू दे, दांडा नवा होतो. स्क्रू होतात. ते भांडं न्हाय होत. ते आजोबांच्या हातचं हाय… हात कापेल, सांभाळून.

न्हाय दिसत?… खाली बघ. पोत्याच्या खाली.

सापडलं?

थांब. हातात घे. वाकलंय?… किती?… वाकलं तर सरळ करता येतं. तडा हाय का बघ. काठावरून नख फिरव. नख अडकतं का कुठं?

सगळीकडून फिरव.

न्हाय अडकत… वज्रेश्वरी माते. नारळ फोडतो तुला.

पाठची चकती?… ती न्हाय? त्या भैयाला विचार… पहिल्या पोत्यात गेली. पोतं गेलं भट्टीवर. बरं. गेली तर गेली, नवी कापू. हाय तेवढं ओढणीत बांध.

पंढरीशेठ काय म्हणतोय मागून?… डबा टेम्पोत कुणी ठेवला म्हणतो?

भाऊंनी?

काहीतरीच. भाऊंना चहाचा कप धड… डाव्या हातानं. फळीवरून. एकट्यांनी… तू बघितलंस? मग मघापासून स्वतःवर का घेतेयस?… मी त्यांच्यावर ओरडेन म्हणून.

काय म्हणाले ते तेव्हा?… न्हाय, सांग. जसंच्या तसं सांग.

"विकण्यापरीस वितळलेलं बरं."

कुणी सांगितलं त्यांना?… काल ओट्यावर बोलत होतो ना मी, देवेशसाहेबांशी. बोलताना अडखळतात, पण कान तिखट हायत.

हो. विकणार होतो… तुला खोटं बोललो, बघायला येतायत म्हणून. विकत घ्यायला येतायत… अगं ऐक ना. आठ महिने ते रीळ नुसतं खुंटीला. रोज दिसायचं मला. ते आणि खाली खाटेवर भाऊ. न्हाय बघवत होतं. वाटलं, साहेब काचेच्या कपाटात ठेवतील, निदान जपतील. भाऊ काय आता खाडीवर जात न्हायत, असं मीच धरून चाललो… न्हाय विचारलं. हो. एकदापण न्हाय विचारलं.

दे त्यांना फोन.

भाऊ?… मी भूपेश… हो… हो, तुम्हाला न विचारता. चुकलं माझं, भाऊ… बोला, ऐकतोय. सावकाश बोला, बस कुठं पळत न्हाय…

काय उलटं?… परत सांगा, कळलं न्हाय… रीळ उलटं बसवायचं?… म्हणजे फिरवायची मूठ या बाजूला…

डाव्या हातासाठी.

येतं ना, भाऊ. का न्हाय येणार? आतला खटका फिरवला की झालं. मला सुचायला पाहिजे होतं ते, बाकी जगाची रिळं दुरुस्त करतो मी… न्हाय, आज न्हाय होत. चकती कापायचीय, ते भांडं ठोकून सरळ करायचंय. आठ दिवस द्या… बरं, चार. उधाणाच्या भरतीच्या आधी देतो.

थांबा, मधे फोन येतोय… देवेशसाहेबांचा. निघाले असतील… न्हाय, न्हाय टाळत. उचलतो. येऊ नका म्हणून सांगतो… काय सांगू म्हणता?

हेच सांगतो. ज्याचं रीळ हाय, त्याला अजून खाडीतला जिताडा धरायचाय.

ठेवतो, भाऊ.