नाल्याकाठचं मोहाचं झाड

दुर्गाबाई : कुऱ्हाडीचा दांडा तुटला म्हणून भोजराजचा दुसरा पाय वाचला वो पोरी. नाईतर माह्या अंकुशनं तोबी ठेवला नसता.

तृप्ती : मावशी, मी पाय नाही विचारला. नाल्याकाठचं मोहाचं झाड कोणाचं, ते विचारलं.

दुर्गाबाई : कोंढ्याच्या सुगत मास्तरची पोरगी ना तू? तुहा बापबी असाच. उत्तर भेटेपर्यंत छडी घेऊन उभा राहे.

तृप्ती : मी छडी नाही, विद्यापीठातून नकाशा आणला. हे पाहा, उपग्रहानं वरून टिपलेला एप्रिलचा वणवा. पहिला ठिपका नाल्याजवळ, सकाळचा. वणवा पसरू नये म्हणून भोजराजकाका जाळरेषेचा पट्टा जाळत होते तो इकडे, पार टेकडीपलीकडे.

दुर्गाबाई : जंगलखात्याचा मजूर, हातात टेंभा. लोकायले तेवढंच दिसलं.

तृप्ती : लोकांना की अंकुशदादाला?

दुर्गाबाई : बायको जळाली होती त्याची! माही सून, दामिनी. मोह वेचाले गेली अन् टोपलीसकट कोळसा झाली. मनगटात रुतलेल्या बांगड्यायवरून वळखली मी तिले. पोरगं तिथूनच कुऱ्हाड घेऊन धावलं. भोजराजले सागाले बांधलं. कोनाची लाथ, कोनाचा दगड. दात पडले, कान फाटला. तरी माह्याकडे पाहून म्हने, "दुर्गाबाई, सांगा वो यायले."

तृप्ती : तुम्हालाच काहून म्हणाले?

दुर्गाबाई : मी तोंडात पदर कोंबून उभी होती. तू लिहून कायले राहिली?

तृप्ती : नाही लिहीत. हे पेन खाली ठेवलं. मावशी, अधिवेशनात विधेयक येऊन राहिलं. वणवा काहून लागतो, जळालेलं जंगल परत कसं उभं करायचं, याच्या अभ्यासाला विद्यापीठाला पैसा देणारं. परवा नागपूरला समितीसमोर मला बोलायचं आहे. कारण खोटं सांगितलं तर सगळा पैसा जाळरेषांवर जाईल. मोहाखाली जाळ्या येणार नाहीत.

दुर्गाबाई : कायच्या जाळ्या?

तृप्ती : झाडाखाली बांधायच्या. फूल वरच्यावर जाळीत पडतं. खाली पडलेलं फूल दिसावं म्हणून पाला जाळायचं कामच नाही.

दुर्गाबाई : मच्छरदानीवानी?

तृप्ती : उलटी मच्छरदाणी.

दुर्गाबाई : अन् एवढ्यासाठी सरकारले कायदा लागते! आमाले तर सासूनं शिकवलं. पाला गोळा करा, काडी लावा, राख होईपर्यंत बसा, इझवा, मंगच घरी या.

तृप्ती : आणि बसलं नाही तर?

दुर्गाबाई : गुडघे दुखतेत. ऊन चढते. इझलं असंन, वाटते. चहाची तलफ येते, अन् माणूस घरी येते.

तृप्ती : ...मावशी.

दुर्गाबाई : तुह्या त्या वरच्या यंत्राले माणूस दिसते का?

तृप्ती : नाही. जागा दिसते. जास्तीत जास्त झाड.

दुर्गाबाई : मंग सारंच दिसलं. आमच्या गावात एकेक मोह एकेका घराचा. नाल्याकाठच्या मोहाखाली आधी सासूनं काडी लावली, मंग मी. तिसऱ्या कोनी नाई. भोजराजले ठाऊक होतं, धूर त्यानंच पाहिला. पाय गेला, पन नाव नाई घेतलं माहं.

तृप्ती : समितीत मी नाव घेणार नाही. पाला जाळताना लागली, एवढंच सांगेन. पण भोजराजकाकांवर वणवा लावल्याची केस आहे. तिथं नकाशा पुरत नाही, माणसाचं तोंड लागतं.

दुर्गाबाई : हाये ना तोंड. पदर काढला आता.

(अंगणात अंकुश लाकूड फोडत असल्याचा आवाज.)

तृप्ती : अंकुशदादाला माहीत आहे?

दुर्गाबाई : कोर्टाच्या आधी त्यालेच ऐकू दे. बोलव त्याले.

तृप्ती : आधी कुऱ्हाड बाहेर ठेवायला सांगते.

दुर्गाबाई : राहू दे. भोजराजच्या वेळी कुऱ्हाड बाजूले ठेवाले कोनी सांगतलं होतं?