गिर्गिसची आई

शुब्रा या आमच्या मोहल्ल्यात भट्टीपुढच्या बायकांच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या, एक म्हातारी आणि एक तरणी. भट्टीवाला ओरडला, “अहो गिर्गिसची आई, घ्या भाकऱ्या!” दोघींनीही हात पुढे केले.

“अगं बाई! तूसुद्धा का?”

“हो ना मावशी. चर्च संत गिर्गिसचं, शाळा संत गिर्गिसची, दवाखानाही त्याचाच. इथं दुसरं नाव सुचतंय कुणाला?”

“कितवीत आहे तुझा?”

“दुसरीत. शाळेत गिर्गिस म्हणून हाक मारली की अर्धं मैदान वळून बघतं. आणि तुमचा?”

“माझाही दुसरीतच होता. तापानं गेला. चाळीस वर्षं झाली त्याला.”

“मावशी,” भट्टीवाला म्हणाला, “उद्यापासून तुम्हाला सल्वामावशीच म्हणतो. म्हणजे हा घोळ नको.”

“नको रे बाबा. त्याचं नाव आता एवढ्या एका हाकेतच कानावर पडतं.”

“भाऊ, तुम्ही मलाच दिमियानाची आई म्हणा. ‘माझ्या नावानं तुला कुणीच हाक मारत नाही’ म्हणून माझी धाकटी दिमियाना कधीची रुसून बसलीय.”

“बरं तर. अहो गिर्गिसची आई, घ्या भाकऱ्या!”

या वेळी एकच हात पुढे आला.