रणगाड्याचं झाकण

अबू सनद : ...हे कुणालाच खरं वाटणार नाही, तुलाही नाही. पण त्या रणगाड्याचं झाकण आज सकाळी आतून उघडलं.

तहानी : काका, मी हॉस्पिटलमधून येतेय. हैथम अजून डोळे उघडत नाहीये. डॉक्टर विचारतायत, पाण्याखाली नेमकं काय झालं. मला झाकणाचं नको, माझ्या भावाचं सांगा.

अबू सनद : त्याचंच तर सांगतोय. बैस आधी. चहा घे, पुदिना घातलाय.

तहानी : चहा नको. डॉक्टर म्हणतात, घाईनं वर आला आणि फुप्फुसाला इजा झाली असेल तर एक उपचार. पाणी गेलं असेल तर दुसरा. आणि तिसरंच काही असेल तर ते आत्ताच्या आत्ता कळायला हवं, संध्याकाळी कळून उपयोग नाही. सकाळी किनाऱ्यावर तुम्ही दोघंच होतात. हवेचा सिलिंडर तुम्हीच भरून दिलात. मग मी दुसऱ्या कुणाला विचारू?

अबू सनद : मग नीट ऐक, मधेमधे तोडू नकोस. डुबकी मारणारे पाहुणे यायच्या आधी, त्यांना दाखवायला समुद्राच्या तळाशी बुडवलेल्या त्या रणगाड्यावर अडकलेलं कोळ्यांचं जाळं काढायचं होतं. हैथम म्हणाला, एकटा जातो. मी म्हटलं, बाळा, लष्करानं टाकून दिलेल्या वस्तूपाशी एकट्यानं जायचं नसतं, मी येतो. किनाऱ्यावरून चालतच शिरलो दोघं, कमरेइतक्या पाण्यात पायांत पोहायचे पंख चढवले, आणि खाली.

तहानी : तुम्ही? या गुडघ्यांनी?

अबू सनद : पाण्यात गुडघ्यांना कोण विचारतंय. पोचलो तर रणगाड्यावर मासे नाहीत. एकही नाही. तोफेच्या नळीत तो म्हातारा सिंहमासा राहतो ना, भाडं न देणारा, तोसुद्धा सामानसुमान घेऊन गेलेला. आणि ती नळी, जी बुडवल्या दिवसापासून समुद्राकडे तोंड करून आहे, ती किनाऱ्याकडे वळलेली.

तहानी : गेल्या उन्हाळ्यात ऑक्टोपसनं तुमचं घड्याळ पळवलं आणि किल्ली देऊन परत आणून दिलं, असं सांगितलंत. तेव्हा मी हसले होते. आज नाही हसू येत.

अबू सनद : ते घड्याळ तेव्हापासून एकदाही मागे पडलं नाही, विचार कुणालाही.

(सिलिंडरमधून हवा सुटल्याचा आवाज.)

तहानी : ही फुसफुस कसली चाललीय मागे?

अबू सनद : काही नाही. पाहुण्यांना नको म्हणून कळवलं. सिलिंडर रिकामे करतोय. अशा दिवशी भरलेली हवा ठेवू नये.

तहानी : सगळे? ते तर पाण्यात गेलेच नाहीत.

अबू सनद : त्याच किनाऱ्यावर होते ना. त्यांच्याही कानावर पडलंच असेल. तर झाकण उघडलं. करकर आवाज आला, पाण्यात आवाज सगळीकडून येतो, कुठून ते कळत नाही. आतून एक हात वर आला, बाहीवर लष्करी बटणं. आणि सगळ्यात वाईट काय, तर पोरगा घाबरला नाही. घाबरला असता तर वर पळाला असता. त्यानं हातातलं जाळं सोडून दिलं, त्या हाताला हात हलवला, आणि रणगाड्याच्या पाठीवर असा आडवा झाला, उन्हाळ्यात गच्चीवर झोपावं तसा.

तहानी : श्वासाची नळी तोंडात होती?

अबू सनद : होती. शहाण्यासारखा श्वास घेत होता. हेच तर. माणूस श्वास घेतोय, हवा भरपूर आहे, आणि तरी आपल्यापासून लांब चाललाय. मी हलवला, चापट मारली. हसत होता गं. चेहरा असा लाल झालेला, ओठ तर डाळिंबाच्या दाण्यासारखे. बुडालेला सैनिक बोलावतो तेव्हा माणूस असाच लाल होतो, माझे आजोबा सांगायचे.

तहानी : तुमच्या आजोबांच्या वेळी खाली रणगाडा नव्हता.

अबू सनद : सैनिक होते.

तहानी : काय म्हणालात? ओठ कसे?

अबू सनद : लाल. डाळिंबासारखे.

तहानी : रणगाड्यापाशी.

अबू सनद : रणगाड्यापाशीच, मग कुठे.

तहानी : काका, लग्नाआधी मी याच किनाऱ्यावर लोकांना खाली नेत होते. पहिल्याच दिवशी तुम्ही मला तिथे माझी लाल बांगडी दाखवली होतीत. काळी दिसली होती. एवढ्या खोल पाण्यात लाल रंग उरतच नाही, हे मला तुम्ही शिकवलंत.

अबू सनद : मग वर आणल्यावर पाहिलं असेल. घाईत काय काय लक्षात राहणार.

तहानी : वर आणल्यावरच पाहिलंत. तुम्ही खाली गेलाच नव्हता. तो एकटा गेला, कसाबसा वर आला आणि तुम्ही त्याला उथळ पाण्यातून ओढलंत. तुमचा अंगरखा फक्त गुडघ्यापर्यंत भिजलाय.

अबू सनद : ओढलं तर खरं ना मी. माझ्या पाठीला विचार.

तहानी : ओढलंत. ते मी विसरणार नाही. पण ते लाल ओठ मीही पाहिलेत आत्ता हॉस्पिटलमध्ये. बोटाला लावलेलं यंत्र म्हणतं, सगळं ठीक आहे. नर्स म्हणाली, रंग किती छान आहे बघा. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या आणि तिच्या विषारी वायूनं बेशुद्ध पडलेल्या माणसांचा रंगही असाच छान असतो, काका. आपल्या गल्लीतल्या दोघांना आपणच उचललं होतं.

अबू सनद : पाण्याखाली कुठली आलीय शेगडी, वेडे.

तहानी : तुमची छत्री बघा. कापड कुठल्या बाजूला फडफडतंय?

अबू सनद : वारा आहे, फडफडणारच.

तहानी : उत्तरेला, अकाबा शहराकडे फडफडतंय. आपल्याकडे वारा जवळजवळ वर्षभर अकाब्याकडून येतो, म्हणून सिलिंडर भरणाऱ्या कंप्रेसरची हवा ओढायची नळी त्या बाजूला बांधलीय आणि डिझेलचा धूर या बाजूला सोडलाय. दक्षिणेचा वारा सुटला की नळी उचलून इकडे आणायची असते. अजूनही ती तिथेच आहे.

अबू सनद : पोरी, तो हात मी खरंच...

तहानी : झाकणातून कुणी बाहेर आलं नाही, काका. सकाळी मशीन स्वतःचाच धूर ओढत होतं आणि तुम्ही तो सिलिंडरमध्ये भरलात; म्हणूनच आता ते रिकामे करताय. हे घ्या, डॉक्टरांचा फोन लागलाय. मी सांगितलं तर तो अंदाज होईल. तुम्हाला माहीत आहे.